प्रयुक्त आणि सहभागी : परिचर्येच्या विद्यार्थिनींवरील संशोधनाची चिकित्सा

प्रायोगिक मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत प्रयोग करणाऱ्यास ‘प्रयोगकर्ता’ आणि ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्यास ‘प्रयुक्त’ म्हणण्याचा प्रघात आहे. ‘युज्’ धातूस ‘प्र’ हा उपसर्ग आणि ‘क्त’ हा प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो. योजलेला, उपयोगात आणलेला, असा त्याचा अर्थ. कर्मणी धातुसाधिताला स्वतःची इच्छा नसते आणि ती असल्याचा आवही हा शब्द आणीत नाही. त्या दृष्टीने तो प्रामाणिक म्हटला पाहिजे. अलीकडे मात्र तो मागे पडला असून संशोधनपर लेखनात त्याच्या जागी ‘सहभागी’ हा शब्द रूढ झाला आहे. हे स्थित्यंतर एकट्या मराठीतील नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या इंग्रजी शीर्षकात ‘सब्जेक्ट्स’ हा शब्द होता. २००६ च्या आवृत्तीत तेथे ‘पार्टिसिपन्ट्स’ आला आणि २०१७ च्या आवृत्तीत तोच कायम राहिला. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात हा बदल व्हावयास २०२४ साल उजाडावे लागले.

शब्द बदलला की संबंध बदलतोच असे नाही. सहभागी म्हणजे ज्याला भाग आहे, वाटा आहे, तो. मग आज ज्यांना संशोधनात सर्रास सहभागी म्हटले जाते त्यांचा वाटा कोणता, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. तो विचारण्यासाठी परिचर्येच्या विद्यार्थिनींइतके योग्य उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. (या अभ्यासक्रमांत पुरुष विद्यार्थीही आहेत, परंतु बहुसंख्या मुलींची असल्यामुळे प्रस्तुत विवेचनात स्त्रीलिंगी रूप योजले आहे.) त्या स्वतः आरोग्यसेवेच्या उंबरठ्यावर उभ्या असतात, रुग्णाची संमती घेण्याचे महत्त्व त्यांना शिकविले जाते, आणि त्याच वेळी त्यांची स्वतःची संमती मात्र बहुधा गृहीत धरली जाते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंत अधिकृतपणे औरंगाबाद म्हणून ओळखले जाणारे शहर, हे मराठवाड्यातील परिचर्या-शिक्षणाचे एक महत्त्वाचे केंद्र आहे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले आणि त्याला जोडलेले रुग्णालय ‘घाटी’ या नावाने आसपासच्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांपर्यंत परिचित झाले. शहरात शासकीय व खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या परिचर्या-शिक्षणसंस्था आहेत. जालना, बीड, परभणी, हिंगोली या भागांतून आलेली, बहुधा मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी येथे वसतिगृहात राहते, इंग्रजीतून पाठ घेते आणि सकाळी वॉर्डात उभी राहते. तिच्या वर पाठ्यनिर्देशिका, वॉर्डात परिसेविका, रुग्णालयात अधिसेविका आणि महाविद्यालयात प्राचार्या. तिचे अंतर्गत गुण, तिच्या ड्यूटीचे वाटप, सणाला गावी जाण्याची रजा, लॉगबुकावरील सही, ही सारी याच मंडळींच्या हाती असतात. सैन्यदल वगळता इतकी रेखीव अधिकारश्रेणी असलेले व्यवसाय थोडेच असतील. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे या शिस्तीला कारणही आहे. ती निरर्थक आहे असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ज्या मुलीला वर्षानुवर्षे ‘सांगितलेले ऐकावे’ या वळणावर वाढविले जाते, तिला एके दिवशी शेवटच्या तासाला एक कागद देऊन ‘तुझी इच्छा असेल तरच भर’ असे म्हणणे ही बोलावयास सोपी आणि पाळावयास अवघड गोष्ट आहे.

तिच्यावर एवढे संशोधन का होते, याचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. पदव्युत्तर परिचर्या अभ्यासक्रमात प्रबंधिका आवश्यक आहे आणि पदवीच्या विद्यार्थिनींनाही संशोधन हा विषय व गटाने करावयाचा प्रकल्प असतो. मुदत ठरलेली, खर्च स्वतःचा, रुग्णांपर्यंत पोचण्यासाठी अनेक परवानग्या. अशा स्थितीत साक्षर, एका खोलीत बसलेला, हजेरीपटावर नावासह उपलब्ध असलेला आणि उठून न जाणारा समूह कोणता, तर कनिष्ठ वर्ग. त्या वर्गाचा एक तास मागून घेतला की सामग्री-संकलन संपले. यात गंमतीचा भाग असा की पहिल्या वर्षी जी मुलगी प्रश्नावली भरते, तीच चौथ्या वर्षी आपल्या धाकट्या भगिनींपुढे प्रश्नावली घेऊन उभी राहते. परंपरा अशा रीतीने अखंड चालते.

या संशोधनातून जो प्रबंधप्रकार तयार झाला आहे त्याची ठेवण आता एखाद्या जुन्या काव्यप्रकाराइतकी निश्चित झाली आहे. शीर्षकात अमुक विषयावरील ‘नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता’, ‘निवडक परिचर्या महाविद्यालय’ आणि शहराचे नाव ही तीन पदे येतात. पन्नास-साठ विद्यार्थिनींचा सोयीने घेतलेला नमुना, पूर्वचाचणी, चार्ट किंवा पडद्यावरील चित्रांच्या साहाय्याने पाऊण तासाचा पाठ, आठवड्याने उत्तरचाचणी, दोन सरासऱ्यांतील फरक, ‘टी’ मूल्य सार्थ, शून्य परिकल्पना त्याज्य. शेवटी वय, धर्म, वडिलांचे शिक्षण आणि मासिक उत्पन्न यांच्याशी ज्ञानाचा संबंध आहे की नाही याचे कोष्टक. शिकविल्यावर विद्यार्थिनींना अधिक येऊ लागते, हे सिद्ध करण्यासाठी एवढा खटाटोप आवश्यक होता काय, असा प्रश्न एखाद्या सामान्य वाचकाने विचारला तर त्याला उत्तर देणे कठीण जाईल. कँबेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ साली प्रयोगरचनांचे जे वर्गीकरण केले त्यात तुलनेसाठी दुसरा गट नसलेली ही पूर्वोत्तर चाचणीची रचना ‘प्रयोगपूर्व’ म्हणून गणली असून तिचे दोषही एकेक करून सांगितले आहेत. एकच प्रश्नपत्रिका दोनदा सोडविल्याने गुण वाढतात; मधल्या काळात विद्यार्थिनी एकमेकींना विचारतात; आणि पुन्हा चाचणी आहे हे ठाऊक असल्यावर पुस्तक उघडले जातेच. हा ग्रंथ आज साठ वर्षांहून अधिक जुना आहे आणि संशोधनपद्धतीच्या अध्यापनात तो अपरिचितही नाही.

पद्धतीचा हा दोष आणि संमतीचा दोष हे दोन स्वतंत्र दोष आहेत अशी सर्वसाधारण समजूत आहे. पद्धतीची तपासणी मार्गदर्शकाने करावयाची आणि संमतीची नैतिकता समितीने, अशी कामाची वाटणीही त्यामुळेच झाली आहे. वस्तुतः ते एकाच मुळापासून निघालेले आहेत. जी नाही म्हणू शकत नाही ती खरे उत्तरही देऊ शकत नाही. ती अपेक्षित उत्तर देते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोक सोडून देतील असे निरर्थक काम शोधून काढावयाचे, एवढाच त्यांचा सुरुवातीचा उद्देश होता. त्यांनी लोकांपुढे आकड्यांनी भरलेल्या दोन हजार कागदांची चळत ठेवली. प्रत्येक कागदावर शेजारशेजारच्या आकड्यांच्या २२४ बेरजा करावयाच्या होत्या. मनगटी घड्याळ काढून घेतले आणि ‘काम चालू ठेवा, मी केव्हातरी परत येईन’ असे सांगून प्रयोगकर्ता निघून गेला. साडेपाच तासांनी कंटाळला तो प्रयोगकर्ता. मग त्यांनी केलेला प्रत्येक कागद बत्तीस तुकडे होतील असा फाडावयास सांगितले, तरीही काम थांबले नाही. ही आपल्या चिकाटीची परीक्षा असावी, असा अर्थ त्या लोकांनी स्वतःच लावून घेतला. प्रयोगाच्या चौकटीत शिरलेला मनुष्य प्रयोगकर्त्याला काय हवे आहे याचा अंदाज घेतो आणि ते त्याला मिळवून देतो, असे ऑर्न यांचे प्रतिपादन. त्या लोकांचे गुण किंवा रजा ऑर्न यांच्या हाती नव्हती हे लक्षात घेतले, म्हणजे पाठ्यनिर्देशिकेने वाटलेल्या प्रश्नावलीवर काय उमटत असेल याची कल्पना करता येते.

याहूनही निकटचे उदाहरण चार वर्षांनंतरचे आहे. चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला परिचारिका आणि डॉक्टर यांच्या संबंधांवरील प्रयोग पुष्कळांना माहीत असतो. परंतु त्याचा जो भाग येथे महत्त्वाचा आहे त्याचा उल्लेख क्वचितच होतो. प्रयोग थोडक्यात असा. बावीस वॉर्डांत बावीस परिचारिकांना, त्या एकट्या ड्यूटीवर असताना, अनोळखी डॉक्टरचा दूरध्वनी येतो. अमुक रुग्णाला ‘अ‍ॅस्ट्रोटेन’ या औषधाचे वीस मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करीन, असे तो सांगतो. डबीवर कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम लिहिलेली. दूरध्वनीवरून असा आदेश घेणे रुग्णालयाच्या नियमांविरुद्ध, औषध अधिकृत यादीत नाही, डॉक्टर कधी पाहिलेला नाही. बावीसपैकी एकवीस परिचारिका औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. त्यांना वाटेत थांबविण्यात आले आणि डबीत निरुपद्रवी गोळ्या होत्या, हे सांगावयास नकोच.

आता दुसरा भाग. याच प्रसंगाचे लेखी वर्णन दुसऱ्या ठिकाणच्या बारा परिचारिकांना आणि परिचर्येच्या एकवीस विद्यार्थिनींना देऊन, ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारण्यात आले होते. बारांपैकी दहाजणींनी औषध देणार नाही असे लिहिले. विद्यार्थिनींपैकी सर्वच्या सर्व एकवीसजणींनी तसे लिहिले.

एकवीस विरुद्ध एकवीस ही जुळणी योगायोगाची असली तरी शिकविणारी आहे. कागदावर एकवीसजणी नाही म्हणतात; वॉर्डात एकवीसजणी हो म्हणतात. विद्यार्थिनी खोटे बोलल्या असे यात कोठेही नाही. कागदावर विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी पाठ्यपुस्तकातील उत्तर दिले, आणि ते बरोबर होते. परंतु परिचर्येच्या विद्यार्थिनींचे ‘ज्ञान’, ‘दृष्टिकोन’ आणि ‘आचार’ या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत एकाच प्रश्नावलीने मोजणारे जे असंख्य प्रबंध आहेत, त्यांतील ‘आचार’ या स्तंभाखाली नक्की काय मोजले गेले, हा प्रश्न हॉफलिंग यांच्या प्रयोगाने कायमचा उभा केला आहे. हात धुण्याचे टप्पे बिनचूक लिहिणे आणि गर्दीच्या वॉर्डात दोन रुग्णांच्या मध्ये हात धुणे, या दोन निरनिराळ्या क्रिया होत.

हॉफलिंग यांच्या प्रयोगावरही एक आक्षेप घेणे भाग आहे. त्या बावीस परिचारिकांना आपण प्रयोगात आहोत हे ठाऊकच नव्हते. आज्ञाधारकतेचा दोष दाखवून देणारे संशोधन ज्यांचा दोष दाखविला त्यांना विचारल्यावाचून झाले. ‘प्रयुक्त’ हा शब्द त्यांना अक्षरशः लागू पडतो. रँक आणि जेकबसन यांनी १९७७ साली हाच प्रयोग थोड्या फरकाने केला: औषध परिचित होते, आणि परिचारिकांना सहकाऱ्यांशी बोलण्याची मुभा होती. तेव्हा अठरापैकी केवळ दोघी चुकीची मात्रा देण्यास तयार झाल्या. दोन प्रयोगांतील फरकाची कारणे अनेक असू शकतील. तथापि माहिती असलेली आणि कोणाशी तरी बोलू शकणारी व्यक्ती नकार देऊ शकते, आणि एकटीला तत्काळ हो म्हणावयास लावता येते, एवढे त्यातून दिसते. संमतीच्या संदर्भात हे निरीक्षण अतिशय उपयोगाचे आहे, कारण वर्गात कागद वाटून पाच मिनिटांत परत घेण्याच्या पद्धतीत विद्यार्थिनीला ना पुरती माहिती मिळते, ना मैत्रिणीशी बोलण्याची सवड.

संमतीपत्र हा प्रकार भाषेच्या दृष्टीनेही वाचून पाहण्यासारखा आहे. प्रचलित मराठी संमतीपत्रांची वाक्यरचना पाहिली तर ‘मला समजावून सांगण्यात आले आहे’, ‘माझ्या शंकांचे निरसन करण्यात आले आहे’, ‘मी स्वखुशीने संमती देत आहे’ अशी वाक्ये ओळीने येतात. पहिल्या दोन वाक्यांत कर्ता नाही. कोणी समजावून सांगितले, कोणत्या शंका होत्या, हे वाक्य सांगत नाही. समजावून सांगणारा कर्मणी प्रयोगाच्या आड निघून जातो. तिसऱ्या वाक्यात मात्र एकदम ‘मी’ प्रकट होतो, आणि तोही संशोधकाने आधीच लिहून ठेवलेला. सही करणारीच्या तोंडी घातलेली ही वाक्ये तिने उच्चारलेली नसतात. जमिनीच्या खरेदीखतातील आणि न्यायालयातील प्रतिज्ञालेखातील मराठी येथे रुग्णालयाच्या वाटेने शिरलेली दिसते; ‘स्वखुशीने’ या शब्दाला तर दस्तऐवजाचाच वास आहे. जेथे खुशीविषयी शंका येण्याचा संभव असतो तेथेच तो शब्द लिहून घेण्याची गरज भासते. विद्यार्थिनींच्या बाबतीत बहुधा हे मराठी पत्रही नसते, इंग्रजी असते. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, म्हणून संमतीही इंग्रजीत.

वयाचाही एक मुद्दा आहे आणि तो कायद्याचा आहे. परिचर्या अभ्यासक्रमास वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला प्रवेश मिळतो. १८७५ च्या सज्ञानता अधिनियमानुसार सज्ञानता अठराव्या वर्षी येते. म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गातील काही मुली कायद्याच्या दृष्टीने स्वतःच्या सहीने संशोधनास संमती देऊच शकत नाहीत. त्यांच्या पालकांची संमती आणि त्यांची स्वतःची अनुमती, अशा दोन्ही गोष्टी लागतात. बीड जिल्ह्यातील एखाद्या वाडीवर असलेल्या पालकाची सही घेण्यासाठी कोणता संशोधक थांबेल? अशा वेळी पहिले वर्ष वगळणे हा सरळ मार्ग आहे. तो न धरता ‘सर्व वर्षांच्या विद्यार्थिनी’ असा नमुना घेतला असेल, तर त्या एका शब्दसमूहाखाली काय घडले असावे हे वाचकाने ओळखावयाचे.

नियमांची वाण आहे असे मात्र कोणी म्हणू नये. हेलसिंकी जाहीरनाम्याच्या १९७५ च्या आवृत्तीत, जी व्यक्ती संशोधकावर अवलंबून आहे तिची संमती त्या संबंधाबाहेरील स्वतंत्र व्यक्तीने घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. औषधचाचण्यांसंबंधीच्या १९९६ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने तर असुरक्षित गटांची उदाहरणे देताना परिचर्येच्या विद्यार्थ्यांचा नाव घेऊन उल्लेख केला. त्याच वाक्यात पुढे सैन्यदलातील लोक आणि बंदिवासातील व्यक्ती येतात. ही संगत बोलकी आहे. आपल्या संशोधन परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांत अधिकारश्रेणीमुळे स्वायत्तता कमी झालेल्यांची जी यादी आहे तीत विद्यार्थीही आहेत आणि आरोग्यसेवकही. परिचर्येची विद्यार्थिनी अशा प्रकारे त्या यादीत दोनदा बसते. अडचण एवढीच की समितीपुढे कागद येतो, वर्ग येत नाही. ‘सहभाग ऐच्छिक राहील’ हे वाक्य प्रस्तावात असले की समितीचे समाधान होते. तो कागद कोणी वाटला, कोणत्या तासाला वाटला, दार उघडे होते की बंद, न भरता बसून राहिलेल्या मुलीकडे कोणी पाहिले काय, हे कोणत्याही प्रपत्रात विचारलेले नसते.

अशा अभ्यासांत धोका काय, असाही प्रश्न केला जातो. सुई नाही, रक्त नाही, केवळ खुणा करावयाच्या. विद्यार्थिनींवरील ताण आणि नैराश्य यांविषयीचे अभ्यास विपुल आहेत, म्हणून त्यांच्यापुरते तरी हे उत्तर तपासून पाहावयास हवे. अ‍ॅरन बेक यांची १९६१ ची नैराश्यमापिका एकवीस विधानगटांची आहे आणि त्यांतील एक गट आत्मघाताच्या विचारांसंबंधी आहे. समजा, एखाद्या मुलीने त्या गटातील शेवटच्या विधानावर खूण केली. प्रश्नावली निनावी असेल तर तिला शोधून काढून मदत करता येत नाही. प्रश्नावलीवर क्रमांक असेल तर तो कोणाचा हे मापिका वाटणाऱ्या अध्यापिकेला कळते, आणि उद्या सकाळी तीच अध्यापिका तिला वॉर्डात उभी करणार असते. दोन्ही बाजूंनी कठीण. हे संकट संशोधन सुरू करण्यापूर्वी सोडवावयास हवे: समुपदेशक कोण, तो महाविद्यालयाबाहेरचा आहे काय, आणि कागद किती दिवसांत पाहिले जाणार. मापिका गोळा करून सुटीनंतर गुणांकन करावयाचे, ही पद्धत पूर्वचाचणीच्या प्रबंधात खपून जाईल. येथे ती मुलीच्या जिवावर बेतू शकते. अशा अभ्यासाला ‘किमान धोका’ म्हणणे हे धोका फक्त शरीराला असतो असे मानण्यासारखे आहे.

एवढे सारे वाचून, मग या विद्यार्थिनींना संशोधनातून वगळावे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल, आणि तो चुकीचा का हे सांगणारा इतिहास उपलब्ध आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत क्षयरोग्यांची सेवा करणाऱ्यांना त्या सेवेमुळे क्षय होत नाही, असे वैद्यकातील जाणते लोक मानीत. ओस्लो येथील उलेवोल रुग्णालयात योहानेस हाइमबेक यांनी १९२४ पासून परिचर्येच्या विद्यार्थिनींची प्रवेशाच्या वेळी ट्यूबरक्युलिन चाचणी घेण्यास प्रारंभ केला. येताना सुमारे निम्म्या मुलींची चाचणी नकारार्थी असे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपेपर्यंत जवळजवळ सर्वांची होकारार्थी होई, आणि प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांत येताना नकारार्थी असलेल्यांचेच प्रमाण मोठे असे. रोग वॉर्डातून येत होता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात हाइमबेक यांनी नकारार्थी मुलींना बी.सी.जी. लस देण्यास सुरुवात केली. त्या काळच्या संमतीच्या पद्धती आजच्या कसोटीला उतरणार नाहीत. परंतु तो प्रश्न त्या मुलींचाच होता, दुसऱ्या कोणाच्या पदवीचा नव्हता.

महाराष्ट्रातील उदाहरण सेवाग्रामचे आहे. तेथील महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत २००४ साली मधुकर पै आणि सहकाऱ्यांनी ७२६ आरोग्यसेवकांची ट्यूबरक्युलिन आणि रक्तावरील नवी इंटरफेरॉन-गॅमा अशा दोन्ही चाचण्यांनी तपासणी केली; त्यांपैकी निम्म्यांची एक तरी चाचणी होकारार्थी होती. पुढे वैद्यक आणि परिचर्या या अभ्यासक्रमांच्या २१६ विद्यार्थ्यांची अठरा महिन्यांनंतर फेरतपासणी करण्यात आली, आणि मधल्या काळात किती नव्या व्यक्तींना संसर्ग झाला हे पाहण्यात आले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील परिचर्या-विद्यार्थिनींच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयसंसर्गाचा वार्षिक धोका ७.८ टक्के आढळला. देशाची सर्वसाधारण सरासरी तेव्हा दीड टक्का धरली जाई. या आकड्यांत विद्यार्थिनीचा भाग कोणता हे सांगावे लागत नाही. ज्या हवेत ती ड्यूटी करते त्या हवेविषयीचे हे आकडे आहेत. खिडक्या किती, मास्क कोणता, थुंकी तपासणीचा निकाल येईपर्यंत रुग्ण कोठे ठेवावयाचा, या गोष्टींविषयी बोलताना अधिसेविकेला आणि अधिष्ठात्याला दाखवावयास काही तरी तिच्या हाती येते.

सेवाग्राम आणि वेल्लोर येथील विद्यार्थिनींच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवून तो अभ्यास होऊ शकला नसता, कारण अभ्यासाचा विषयच विद्यार्थिदशेत वॉर्डात वावरणे हा होता. उलट, मधुमेही पायाची निगा किंवा स्तनपान या विषयांवरील ज्ञानचाचणी परिचर्येच्या दुसऱ्या वर्षावर घेण्याचे कारण दुसरे वर्ष शेजारच्या खोलीत आहे, याखेरीज काही नसते. प्रबंधिकेच्या प्रस्तावनेत ‘हाच गट का निवडला’ या प्रश्नाला दोन ओळींचे प्रामाणिक उत्तर लिहावे लागले, तर पुष्कळ प्रस्ताव तेथेच अडखळतील. अर्थात सगळा दोष पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तीही एका मार्गदर्शकाच्या हाताखाली आहे, तिचीही मुदत ठरलेली आहे, आणि घाटीच्या मेडिसिन वॉर्डात साठ रुग्णांशी मराठीतून, उर्दूतून, एकेकाशी अर्धा अर्धा तास बोलावयास तिला कोणी सवड दिलेली नाही. तशी सवड मिळाली असती तर प्रबंध निराळा झाला असता. विद्यार्थिनींना संशोधनाचा अनुभव मिळतो, त्यामुळे त्यांना भाग घेऊ द्यावा, असा एक युक्तिवाद अध्यापकवर्गाकडून होतो. तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु अनुभव म्हणावयाचा तर त्यात अभ्यास संपल्यावर निकाल कळण्याचा समावेश हवा. भरलेल्या प्रश्नावलीचे पुढे काय झाले हे तिच्यापर्यंत परत येण्याची सोय बहुधा कोणी केलेली नसते.

काही दुरुस्त्या तर खर्चाच्याही नाहीत. प्रश्नावली शिकविणाऱ्या व्यक्तीने वाटू नये. दुसऱ्या महाविद्यालयातील, गुणांशी संबंध नसलेल्या कोणी वाटावी. संमतीपत्र आणि प्रश्नावली यांच्यात निदान एक रात्र जावी, म्हणजे वसतिगृहात मैत्रिणींशी बोलणे होईल. भरलेले कागद हातात न घेता कुलूपबंद पेटीत टाकावयास सांगावे. कोरा कागदही त्या पेटीत तितक्याच सहज पडतो आणि पेटी उघडेपर्यंत तो कोरा होता हे कोणाला कळत नाही. आणि प्रबंधिकेच्या तिसऱ्या प्रकरणात, नमुन्याची संख्या लिहिल्यानंतर, आणखी एक संख्या लिहावी: किती जणींनी नाही म्हटले. साठपैकी साठजणींनी आनंदाने भाग घेतला, असे जेथे लिहिलेले असेल तेथे तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकाने ‘टी’ मूल्याविषयी विचारण्यापूर्वी तो कागद कोणी वाटला हे विचारावे.